जायला उतार, यायला चढ

अमेरिका माणपासून चार तासांवर आहे, हे मला पहिल्यांदा माझ्या घरमालकांनी सांगितलं. मी खोली बघायला गेलो होतो. खोली दहा बाय बारा, नळाला पाणी सकाळी तासभर, आणि खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. मी भिंतीकडे बघत उभा असताना मालक म्हणाले, "आमची पोरगी अमेरिकेत अस्ती. चार तासावर हाय. तुमचं गाव कुटलं?"

मी उदगीर म्हणालो.

"किती तास?"

"दहा."

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "लई लांब ऱ्हाता तुमी," म्हणाले, आणि चावी हातात दिली.

हे गृहस्थ सरकारी बसखात्यातून निवृत्त झालेले. पौडच्या स्टँडवर एकवीस वर्षं कंट्रोलर होते. म्हणजे कुठली लाल गाडी कधी सुटणार ते ठरवायचं, माईकवरून पुकारायचं आणि शिट्टी मारून गाडी हाकलायची. पुण्याला खेटलेल्या माणमध्ये आयटी कंपन्या आल्या, शेत गेलं, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी अठरा खोल्यांची इमारत उठवली आणि आमच्यासारखे नोकरदार त्यात येऊन राहिले. नोकरी सुटली तरी कंट्रोलरकी सुटली नाही. शिट्टी गळ्यातच असायची. स्टँडवरून भंगारात निघालेला वेळापत्रकाचा काळा फळा त्यांनी मागून आणला होता, तो पार्किंगच्या भिंतीवर ठोकलेला होता. गावात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे, कंट्रोलर म्हणत. तेही कुणाला नावानं हाक मारत नसत. गाडीला जसं ती जिथं जाते त्या गावाचं नाव, तसंच भाडेकरूला. मी उदगीर, शेजारच्या खोलीत चंद्रपूर, आणि वरच्या मजल्यावर मालवण नावाची एक मुलगी. सकाळी सात वाजता जिन्यातून पुकारा व्हायचा, "उदगीर, मोटर बंद करा. मालवण, तुमची स्कूटी चंद्रपूरच्या म्होरं लागलीया, काढून घ्या." नव्या माणसाला वाटायचं आपण चुकून स्टँडवरच राहायला आलो.

त्या चार तासांचं मूळ मला पुढे कळलं. लग्न होऊन मुलगी पहिल्यांदा निघाली तेव्हा तिच्या तिकिटाचा कागद त्यांनी वाचला होता. मुंबईहून सुटणार पहाटे दोन वाजता, सॅन फ्रान्सिस्कोला पोचणार सकाळी सहा वाजता, तारीख तीच. एकवीस वर्षं वेळापत्रक वाचलेल्या माणसाला दोनापासून सहापर्यंत किती तास होतात ते दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती. त्यांनी गावभर केलं. कोल्हापूर सहा तास, अमेरिका चार. बायका मुलीच्या आईला म्हणू लागल्या, "बरं केलं, पोर जवळच दिली." मग मुलगी पहिल्यांदा माहेरी आली. त्या तिकिटावर सुटायची वेळ सोमवारी रात्री नऊची आणि मुंबईला पोचायची बुधवारी पहाटे एकची. अठ्ठावीस तास. दुसरा कुणी चक्रावला असता, पण कंट्रोलरांनी ताम्हिणी घाट बघितलेला होता. कोकणात उतरणारी गाडी भरकन पोचते आणि तीच परत येताना धापा टाकते. "सोपं हाय," त्यांनी पारावर जाहीर केलं, "जायला उतार, यायला चढ." पारावरच्या मंडळींनी माना डोलावल्या, कारण घाट सगळ्यांनीच बघितलेला होता.

हे मी दुरुस्त केलं. मी तेव्हा नवा होतो आणि लोकांच्या चुका काढायची मला हौस होती. मी कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो, आमच्या धंद्यात त्या हौसेला पगार मिळतो. फळ्यासमोर उभं राहून मी त्यांना सांगितलं की तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं असतं, म्हणून जाताना वेळ कमी झाल्यासारखी दिसते आणि येताना वाढल्यासारखी. खरा प्रवास दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच. त्यांनी खडू घेतला. चार अधिक अठ्ठावीस बत्तीस, त्याचे निम्मे सोळा. त्या सोळाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या.

"म्हंजी उदगीरपरीस लांब हाय," ते म्हणाले.

"बरंच लांब आहे."

खडू खाली ठेवून ते वर निघून गेले. पुढचे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि त्या आठ दिवसांत माझ्या नळाचं पाणी नेमकं अंगाला साबण लागल्यावर जायचं.

नवव्या दिवशी ते काखेत पृथ्वीचा गोल घेऊन माझ्या दारात उभे. शाळेच्या अडगळीतून आणलेला, ऑस्ट्रेलियाला पोचा पडलेला गोल. त्यांच्यामागे काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, गोधडी शिवायच्या दोऱ्याचं रीळ घेऊन. मला नावानं हाक मारणाऱ्या त्या इमारतीत काकीच तेवढ्या. कंट्रोलरांनी दोरा मुंबईवर दाबून धरला, दुसरं टोक सॅन फ्रान्सिस्कोवर ओढलं, आणि दोरा युरोप, समुद्र वगैरे सगळं सोडून सरळ वर सरकला. रशियावरून उत्तर ध्रुवाशेजारून जाऊन पलीकडे उतरला. मी फोनवर बघून सांगितलं, साडेतेरा हजार किलोमीटर, आणि वाट खरंच तशी.

"बर्फावरनं?"

"हो."

"तितं थांबा न्हाई?"

"कुठंच नाही. सोळा तास सरळ."

"डायवरला खाली उतरू देत न्हाईत सोळा तास?" हे त्यांना अमानुष वाटलं. "आन मदी गाडी बंद पडली तर?"

"तर तुमी शिट्टी वाजवा की हितनं," काकी म्हणाल्या आणि दात लावून दोरा तोडला.

त्या दिवसापासून या माणसाला जे वेड लागलं त्याला मीच जबाबदार आहे, ते कबूल करतो. मुंबई ते टोरांटो, दिल्ली ते सिडनी, बंगलोर ते फ्रँकफर्ट, सगळं पाठ. फोनवर विमानं दिसतात हे कुणीतरी त्यांना दाखवलं आणि मग गच्चीवर उभं राहून ते आकाशातल्या विमानांना नावं ठेवू लागले. "ही दोहा. येरवाळीच सुटाया पायजे हुती, वीस मिनिटं लेट हाय." दोहाला जाणाऱ्या विमानाला माणमधल्या गच्चीवरून कुणीतरी रागावतंय हे त्या वैमानिकाला कधीच कळलं नाही. कंट्रोलर स्वतः मात्र जन्मात विमानात बसले नव्हते. मुलीनं दोनदा बोलावलं. "मी गेलो तर हितलं कोन बघंल?" म्हणाले. इथलं म्हणजे माझी मोटर आणि मालवणची स्कूटी.

वेड निरुपद्रवी असतं तर मी हे लिहिलंच नसतं. पण गावानं त्याला काम दिलं.

आमच्याकडे कुणी गेलं की पहिला प्रश्न असतो, माती किती वाजता. अंत्यविधीला खेड्यात मातीच म्हणतात. पूर्वी सगळे सोयरे पंचक्रोशीत असायचे, दोन तासांत सगळे जमायचे. आता एक पोरगा जर्मनीत, एक बंगलोरला, पोरगी दुबईत. कुणासाठी थांबायचं आणि किती, यावरून तिरडीशेजारी भांडणं होऊ लागली. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की एवढा कंट्रोलर गावात असताना भांडायचं कशाला. घरचे लोक फळ्याशी येत, कोण कुठं आहे ते सांगत. कंट्रोलर डोळे मिटून ओठांत आकडे मोजत आणि खडूनं लिहीत. वर मयताचं नाव, खाली माती, पुढे वेळ. फळ्याचा फोटो गावच्या ग्रुपवर जाई आणि तो शेवटचा शब्द. वेळेच्या पाच मिनिटं आधी ते त्या घरी जाऊन मनगटाकडे बघत उभे राहत. एकदा सवयीनं शिट्टी वाजली आणि चौघांनी तिरडी उचलली. गावाला ते हसायला वर्षभर पुरलं.

एका महिन्यात दोन मयती झाल्या. पहिली, माजी सरपंचांचे वडील. म्हाताऱ्यांचा धाकटा मुलगा जर्मनीत. कंट्रोलरांनी एकतीस तास काढले, बर्फाची पेटी मागवली, आणि सारं गाव एकतीस तास थांबलं. मुलगा काळा चष्मा लावून आला. फळ्याची वेळ आणि त्याची वेळ यात सात मिनिटांचा फरक पडला, आणि ही सात मिनिटं कंट्रोलर आठवडाभर सांगत होते.

दुसरी, खालच्या आळीतली एक म्हातारी. कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासायची. तिची एकुलती एक लेक अक्कलकोटकडे दिलेली. लेक सकाळीच निघाली होती. कंट्रोलरांनी डोळे मिटले, उघडले, आणि माती चार वाजता लिहिली. कुणीतरी म्हणालं, लेक पाचापर्यंत येईल. "गाडीचा भरवसा न्हाई," कंट्रोलर म्हणाले. विमानाचा भरवसा आहे, लाल गाडीचा नाही, आणि हे एकवीस वर्षं लाल गाड्या सोडून त्यावर पेन्शन खाणारा माणूस सांगत होता.

लेक साडेचारला आली. कडेवर पोर होतं. ती घरी न जाता आधी फळ्याशीच आली, कारण रस्त्यात कुणीतरी तिला फळ्याचा फोटो दाखवला होता.

"ह्यो कुनी लिवला?" तिनं विचारलं.

"मी," कंट्रोलर म्हणाले.

"इंदापुरातनं फोन केलता मी. येतीया म्हनून. अर्दा तास थांबला असता तर तुमचं काय जानार हुतं?"

कंट्रोलरांनी घड्याळाकडे बघितलं. त्यांना दुसरीकडे बघताच येत नव्हतं. काकी जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी तिला पाणी दिलं, पोराच्या हातात बिस्किट दिलं, आणि स्मशानापर्यंत तिच्याबरोबर चालत गेल्या. त्या दिवशी त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

काकींचं हृदय त्याच सुमारास दमू लागलं होतं. पिरंगुटच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या चुकवू नका, जिना कमी चढा, बाकी काही सांगता येत नाही. हे "सांगता येत नाही" कंट्रोलरांना पटलं नाही. त्यांनी वेळापत्रक केलं. मुलीच्या घरापासून तिथल्या विमानतळापर्यंत एक तास, तिथं तीन तास आधी हजर, विमानाचे सोळा, मुंबईत बाहेर पडायला दीड, मुंबई ते माण चार. साडेपंचवीस तास. कागद फ्रीजवर चिकटवला. त्यांचा हिशेब असा, डॉक्टर दोन दिवस आधी सांगतीलच, मुलीला साडेपंचवीस तास लागतात, म्हणजे साडेबावीस तास हाताशी राहतात. काकी रोज त्या फ्रीजमधून दूध काढायच्या आणि रोज तो कागद वाचायच्या.

दर रविवारी मुलगी फोनवर विचारायची, "अण्णा, येऊन जाऊ का?"

"गरज न्हाई. आता येऊन काय करनार? सुट्टी राखून ठेव. निगायची येळ झाली की मी सांगतो."

शेजारी काकी बसलेल्या असायच्या. आपल्या बायकोसमोर तिच्या मातीची वेळ मोजतोय हे या माणसाच्या ध्यानातच यायचं नाही. मी एकदा त्यांना तसं बोललो. ते म्हणाले, "उदगीर, ऐन टायमाला धावपळ करन्यापरीस आदी ठरवल्यालं बरं." ऑफिसात मीही दिवसभर हेच वाक्य इंग्रजीत बोलत असे.

एका रविवारी दुपारी कंट्रोलर कुणाच्या तरी मातीला गेले असताना काकी माझ्या दाराशी आल्या. जिना चढून आल्या होत्या, दम लागला होता. हातात फोन आणि नवऱ्याची नंबरांची वही. "लावून दे रं तिकडं," म्हणाल्या. "ह्यास्नी सांगू नगंस." मी वहीतला नंबर लावून दिला आणि बाहेर जायला निघालो, तर त्यांनी हातानं थांब म्हटलं.

"ये गं," त्या फोनमध्ये म्हणाल्या. पलीकडून घाबरून काहीतरी विचारलं गेलं असावं. "न्हाई न्हाई, बरी हाय मी. काय बी झालं न्हाई. बरी हाय म्हनूनच ये म्हनतीया. मेल्यावर आलीस तरी तेवढंच तास लागत्यात." आणि शेवटी, "अण्णास्नी मी बघती."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना भीती वाटत होती. मरणाची नव्हे, तिरडीवरून लेकीची वाट बघायला लागेल याची. तसं त्यांनी मला सरळ सांगितलं. "ती अक्कलकोटची पोरगी दिसती रं मला सपनात," म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला पार्किंगमध्ये टॅक्सी उभी राहिली. कंट्रोलर फळा पुसत होते. टॅक्सीतून त्यांची मुलगी उतरली. साडेतेरा हजार किलोमीटर ओलांडून तीन वर्षांनी आलेल्या पोटच्या पोरीला बघून त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "कोन गेलं?"

"कुणी नाही, अण्णा. आईनं बोलावलं."

कंट्रोलरांनी घड्याळ बघितलं. मग जिन्याकडे. काकी वरच्या पायरीवर कठड्याला धरून उभ्या होत्या आणि त्यांच्याकडे न बघता खाली लेकीकडे बघून हसत होत्या.

मुलगी बारा दिवस राहिली. मायलेकी दिवसभर गच्चीवर गोधडी पसरून बसायच्या. शिवण किती झाली देव जाणे, बोलणंच चालायचं, आणि मधूनच दोघी अशा हसायच्या की खाली फळ्याशी उभ्या असलेल्या माणसाला ते आपल्यावरच आहे हे ओळखू यायचं. ते मला म्हणायचे, "इनाकारन सुट्टी घालवली. ऐन टायमाला काय करनार?" बाराव्या दिवशी मुलगी परत गेली. त्यांनी स्वतः टॅक्सीला शिट्टी दिली.

पुढे तीन महिन्यांनी एका मंगळवारी सकाळी काकी चहा गाळता गाळता गेल्या. डॉक्टरांनी दोन दिवस आधी सांगायचं होतं, ते राहून गेलं.

तासाभरात पार्किंग माणसांनी भरलं. सगळे फळ्याकडे तोंड करून उभे. माजी सरपंच म्हणाले, "कंट्रोलर, पेटी मागवलीया. पोरगी येस्तोवर थांबू. किती तास धरायचं?"

कंट्रोलरांनी खडू घेतला. डोळे मिटले नाहीत, आकडे मोजले नाहीत. काकींचं नाव लिहिलं. आजवर त्यांनी ते नाव घेतल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. पुढे लिहिलं, माती, आज दुपारी चार.

"आन पोरगी?"

"निगते म्हनली. मी नगं म्हनलं," ते म्हणाले. "ती येऊन गेली."

तिरडी चारला उचलायची होती, चार वाजून दहा मिनिटांनी उचलली. ते घड्याळाकडे बघायचं विसरले होते आणि त्यांना आठवण करून द्यायला कुणी पुढे आलं नाही.

दहाव्याला माईक होता. माजी सरपंच बोलले, आणखी दोघे बोलले, आणि मग कंट्रोलरांनी माईक घेतला. तोच स्टँडवरचा आवाज. "मंडळींची तब्येत बघून," ते म्हणाले, "मी पोरीला येळेत बोलावून घेतलं. मायलेकींची भेट घडवून आनली." लोकांनी माना हलवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठायच्याच बेतात होतो, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "फोन ह्या उदगीरनं लावला. पर नंबर माझ्या वहीतला हुता."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मी बसूनच राहिलो.

त्यानंतर त्यांनी कुणाच्याही मातीची वेळ लिहिली नाही. लोक यायचे, ते म्हणायचे, तुमचं तुमी बघा. फळा महिनाभर कोरा होता. मग एका सकाळी कामाला निघालो तर फळ्यावर तीन रकाने आखलेले. गाव, तास, दिवस. चंद्रपूर, सोळा तास, नव्वद दिवस. मालवण, नऊ तास, बेचाळीस दिवस. उदगीर, दहा तास, एकशे अठ्ठावीस दिवस. घरी जाऊन किती दिवस झाले, त्याचा हिशेब. ते रोज सकाळी आकडा एकानं वाढवायचे. अठरा खोल्यांची अब्रू चव्हाट्यावर. मालवण भडकून म्हणाली की हा आमचा खासगी प्रश्न आहे. दोन महिने पूर्ण झाले त्या सकाळी कंट्रोलरांनी तिच्या दारात उभं राहून शिट्टी मारली. "मालवण, सुटा आता." ती शिव्या देत गेली आणि आईच्या हातची सोलकढीची आमसुलं घेऊन आली.

मी माझ्या आकड्यावर एकदा अंगठा फिरवला. दुसऱ्या दिवशी तो परत होता, जाड खडूनं.

मग एका रविवारी, ते गच्चीवर असताना, मी फळा नीट वाचला. अठरा ओळींच्या खाली, अगदी तळाला, एकोणिसावी ओळ होती. सॅन फ्रान्सिस्को. दिवस, एकशे त्रेपन्न. आणि तासांच्या रकान्यात, ज्या माणसाला जगातल्या विमानतळांची अंतरं पाठ होती, ज्याला मी याच फळ्यासमोर सोळा तास शिकवले होते, त्यानं लिहिलं होतं, जायला चार, यायला अठ्ठावीस.

चूक होती. खडू तिथंच खोबणीत होता आणि मी तो उचललाही. पण दुरुस्त काय करायचं ते मला कळेना. खडू ठेवला, आणि उदगीरची सकाळची गाडी किती वाजता सुटते ते विचारायला गच्चीवर गेलो.